वह्या मी आणल्यात

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फडताळातल्या आंब्याच्या हिशेबाच्या तीन वह्या सापडत नाहीत म्हणून परवा तुम्ही आईला बोललात, असं दादाकडून कळलं. तिचा काही दोष नाही. वह्या मी आणल्यात. गणपतीहून निघताना, तुम्ही दुपारी जरा पडला होतात तेव्हा, साड्यांच्या घडीत घालून. विचारलं असतं तर तुम्ही दिल्या नसत्यात. चुकलं माझं. पण कशाला आणल्या ते वाचा, मग रागवा.

चैत्रात तुम्ही जुनी वही काढायला माळ्यावर चढलात आणि शिडीवरून पाय सुटला. खाली आढीसाठी आणलेला पेंढा होता म्हणून निभावलं. तुम्ही फोनवर हसत सांगितलंत, पण मी त्या रात्री झोपले नाही. आणि कशासाठी चढलात, तर ठाण्याच्या गिऱ्हाइकाने गेल्या वर्षी पाच डझनी नेली की सहा डझनी, एवढ्यासाठी.

दादाने कॉम्प्युटरवर करून दिलेल्या तक्त्याचं काय झालं ते आठवतं ना? नावांचा एकच रकाना अकारविल्हे लावला गेला, पत्ते जागच्या जागी राहिले, आणि दादरची पेटी डोंबिवलीला गेली. तेव्हापासून तुम्ही कॉम्प्युटरवर कापड घातलंत. बाबा, ती चूक तुमची नव्हती. तक्त्यात नाव आणि पत्ता एकमेकांना बांधलेले नसतात. डेटाबेसमध्ये एक ओळ म्हणजे एक माणूस. कशीही लावा, ती तुटत नाही.

डेटाबेसचं काढलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "मग फॉक्सप्रोच घाल, तो मला येतो." डेटाबेसचा तो जुना प्रोग्राम सोसायटीत सगळ्यांच्या आधी तुम्ही शिकलात, हे मी अजून लोकांना सांगते. रविवारी मला सायकलवर पुढे बसवून न्यायचात आणि 'ब्राउझ' माझ्याकडून टाइप करून घ्यायचात. पण त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००४ ची, आणि २०१५ पासून मायक्रोसॉफ्टने त्याच्याकडे बघणंच सोडलं. शिवाय त्याला युनिकोड कळत नाही, म्हणजे आजच्या पद्धतीने मराठी लिहिता येणार नाही. आणि नावं तुम्ही मराठीतच लिहिणार, हे मला माहीत आहे.

मग मायक्रोसॉफ्टचाच ॲक्सेस हा डेटाबेस पाहिला. सोपा आहे, पण विकत घ्यावा लागतो आणि फक्त विंडोजवर चालतो. तुमचं अडलं तर दादाला त्याच्या मॅकवर फाइल उघडता यायला हवी. फाइलमेकर दोन्हीकडे चालतो, देखणाही आहे, पण घरच्या हिशेबाला एवढे पैसे घालवलेले तुम्हाला खपले नसते. एसक्यूलाइट हा फुकटचा डेटाबेस मी स्वतः रोज वापरते. ते उघडायला डीबी ब्राउझर म्हणून फुकटचं साधन मिळतं, पण त्यात नुसते रकाने दिसतात. तुमच्यासाठी फॉर्म, म्हणजे नोंद भरायचं पान, करून देता येत नाही.

म्हणून लिब्रेऑफिस या ऑफिसच्या कामाच्या प्रोग्रामांच्या संचातला बेस हा डेटाबेस ठरवला. ठरवला म्हणजे कामही बरंच झालंय. तो फुकट आहे, दोन्हीकडे चालतो, इंटरनेट लागत नाही, मेनू मराठीत करता येतात. तुमच्या फॉक्सप्रोच्या जुन्या डीबीएफ फायली कुठे फ्लॉपीवर जिवंत असतील तर त्याही तो वाचतो.

गिऱ्हाइकं एकीकडे, पेट्या दुसरीकडे, जमा पैसे तिसरीकडे, आणि तिघांना बांधणारा प्रत्येक माणसाचा एक क्रमांक. पत्ता एकदाच लिहायचा. फोनचा रकाना मी आकडा न ठेवता मजकूर ठेवलाय, नाहीतर ०२३५२ मधलं पुढचं शून्य गळतं. अक्षरं एवढी मोठी केलीत की मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीही तुम्हाला दिसली असती. एका पानावर एकच माणूस, तुमच्या वहीसारखा.

'शेरा' हा रकाना आधी माझ्या मनातही नव्हता. वही उतरवताना तुमच्या समासातल्या ओळी वाचल्या: "दोन हिरवी, बाकी पिकती द्यावी." "पैसे पुढल्या वर्षी, मुलगा आजारी." आणि एका नावापुढे, "वारले. पत्नीस पेटी जावी, पैसे मागू नयेत." बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या ओळी मी शब्द न बदलता उतरवल्यात.

एका पानावर मी पेन्सिलीने काढलेला उलटा पाच आहे. तुम्ही तो खोडला नाहीत, बाजूला सुलटा काढून ठेवलात.

आई, शेवटच्या पानांवरचा तुझा आमसुलांचा आणि फणसपोळीचा हिशेब वेगळा घेतलाय. पुण्याच्या काकूंनी दोन वर्षांचे पैसे दिलेले नाहीत, ते आता एका बटणात दिसतं. मागायचे की नाही ते तू बघ.

आता ऐका. दिवाळीत येऊन मी सगळं बसवून देईन, त्याआधी कुणाकडून काही घालून घेऊ नका. बेसला सोबत जावा नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर लागतं, तेही मीच घालीन. नोंद झाली की फॉर्ममध्ये सेव्ह, आणि उठण्याआधी फाइलही सेव्ह. दोन्ही करायचं, कारण सगळं एकाच फायलीत असतं आणि आपल्याकडे लाइट सांगून जात नाही. यूपीएस आणतेय, किंमत विचारू नका. दर रविवारी पेनड्राइव्हवर नक्कल, तारीख घालून. पेनड्राइव्ह आईच्या डब्यात राहील, तुमच्या खिशात नाही.

वही बंद करा असं मी म्हणत नाही. रोजचं वहीतच लिहा, आठवड्याने आत घाला. पण माळ्यावर चढायचं नाही. शिडी मी वाड्यातल्या गड्याला न्यायला सांगितलीय. हेही न विचारताच, माफ करा.

डोळ्यांचे थेंब संपत आले असतील, आणवून घ्या. आईच्या बीपीची गोळी सकाळचीच, जेवल्यावरची नाही.

तुमची,
ताई

ता. क. वह्या मावसभावाबरोबर शुक्रवारी पाठवतेय. प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यात, भिजणार नाहीत. मधल्या वहीची शिवण सुटली होती, ती जाड दोऱ्याने घातली आहे.