बंद होतो, पण परत उठत नाही

सोलापूर,
रविवार, दुपार

काय बे संज्या,

'फेकून दे की तो डबा,' म्हणाला होतास. नाही फेकला. फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

रडगाणं तुला माहीतच आहे. २०११ मध्ये आपण दोघांनी मिळून घेतलेले ते लॅपटॉप. माझ्या लॅपटॉपवर आता विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली आहे आणि अण्णांच्या कारखान्याचा चादरींचा सगळा हिशोब त्यातच. शटडाऊन केला की गुमान बंद व्हायचा. रीस्टार्ट म्हटलं की स्क्रीन काळी, पंखा घरघरतोय, पुढं काही नाही. मग बटण दाबून धरायचं. दर अपडेटला अण्णा विचारायचे, "आज पुन्हा मेलं का?"

एका दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्ड गेला म्हणून साडेचार हजार सांगितले. मला पटेना. बोर्ड गेला असता तर बंद करून दुसऱ्या मिनिटाला चालू कसा झाला असता?

परवा रात्री माग थांबल्यावर बसलो. जर्नलसीटीएल, म्हणजे लिनक्सच्या जुन्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेनं आधीच्या खेपेची नोंद काढली. शेवटी चक्क लिहिलेलं, रीबूटचं (म्हणजे रीस्टार्टचं) टार्गेट गाठलं. म्हणजे लिनक्सनं आपलं काम उरकलं होतं. मशीनला 'आता पुन्हा ऊठ' हे ज्या दारातून सांगत होतं, तिथं ऐकायलाच कोणी नव्हतं. दारं बरीच आहेत: एसीपीआय, कीबोर्डचा कंट्रोलर, पीसीआय. कुठल्या मॉडेलला वेगळं दार लागतं, त्याची यादीच कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कोडमध्ये आहे. आपलं मॉडेल त्यात नाही, नशीब.

चालू होताना शिफ्ट दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणला, 'ई' दाबलं, 'लिनक्स'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी टाकलं 'रीबूट=केबीडी', म्हणजे कीबोर्डच्या दारातून सांग. एफ१०. डेस्कटॉप आला, रीस्टार्ट केलं. काळं. परत तेच सगळं, या वेळी 'रीबूट=पीसीआय'. पंखा क्षणभर गप्प झाला आणि कंपनीचं चिन्ह उगवलं! पावणेदोन वाजले होते. मी असा ओरडलो की आई धावत आली, तिला वाटलं शॉक बसला.

पुढं मात्र माझी फजिती. ग्रबमध्ये हातानं लिहिलेलं त्या एका खेपेपुरतंच टिकतं, म्हणून तो शब्द ईटीसी फोल्डरातल्या ग्रबच्या डिफॉल्ट फाइलीत घातला, तो बदल लागू करायला अपडेट-ग्रब चालवलं, ऐटीत रीस्टार्ट दिलं. पुन्हा काळं! अर्धा तास शिव्या घातल्या. मग डोक्यात उजेड पडला, चालू कर्नल त्या शब्दाविनाच उठलेला, त्याला तो कुठून कळणार? बटण दाबून बंद केला, चालू केला. त्यानंतर सात वेळा रीस्टार्ट करून बघितला. सातही वेळा उठला.

तुझा कपाटात पडलाय ना? गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा घेऊन ये. हुतात्मा एक्स्प्रेसनं आलास तर स्टेशनवर येतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आई देईलच, चार्जर तेवढा विसरू नकोस, माझ्या चार्जरची वायर उंदरानं खाल्लीय.

तुझा,
मन्या