बार्शी लाइटची चेष्टा पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बार्शी लाइटवरचा, म्हणजे कुर्डुवाडी-बार्शीच्या आमच्या जुन्या छोट्या रेल्वेवरचा लेख वाचला. वाचण्याआधी फोटो पाहिला आणि तिथंच डोकं फिरलं. लेखाच्या डोक्यावर आपण जी गाडी छापली आहे ती माथेरानची आहे. फोटोत डोंगराचं वळण आहे, लाल माती आहे, वर माकडही बसलंय. कुर्डुवाडी ते बार्शी या पट्ट्यात असं वळण आणि अशी माती कुणी दाखवली तर जाण्यायेण्याचा खर्च मी देईन. माथेरानच्या दोन रुळांत अंतर दोन फूट, आमच्या अडीच फूट. सहा इंचांनी काय बिघडतं, असं आपल्या विभागात कुणाला वाटलं असेल. रुळावर पहार चालवलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल. खरा फोटो हवा होता तर माझ्याकडे आहे. कुर्डुवाडीच्या शेडमध्ये इंजिनापुढे कामगारांची अख्खी पाळी उभी आहे. मात्र मूळ प्रत घराबाहेर जाणार नाही. मागं एका स्मरणिकेसाठी असाच एक फोटो दिला होता, तो स्मरणिकेत छापला गेला नाही आणि घरीही परत आला नाही. आपला माणूस पाठवा, इथं बसून कॉपी काढू द्या, चहा मिळेल.

आता लेखाबद्दल. ही लाइन बांधणाऱ्या इंग्रज इंजिनिअरवर, कॅलथ्रॉपसाहेबांवर, निम्मा लेख खर्ची पडला आहे. साहेब हुशार होते, शंकाच नाही. १८९७ साली बार्शी रोडवरून, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत गाडी नेली. पुढे लाइन पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ साली मिरजेला पोचली. त्याच वर्षी साहेब वारले. त्यांनी उतारवयात पॅराशूट बनवलं, हेही आपल्या लेखकानं शोधून काढलं. उत्तम. विलायतेतलं पॅराशूट सापडलं, पण कुर्डुवाडीतला इंजिनात कोळसा टाकणारा एक फायरमन, रूळ बदलणारा एक सांधेवाला, रूळ दुरुस्त करणारा एक गँगमन काही सापडला नाही.

त्यांची हजेरी लेखात कुठं लागली? तर विनोदात. गाडी इतकी सावकाश की लोक खाली उतरून हरभऱ्याचे डहाळे उपटून परत चढायचे, ड्रायव्हर ओळखीचा दिसला की गाडी थांबवायचा, वगैरे. हे किस्से आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. सांगणारे बहुतेक डब्यात बसलेले असत. माझे वडील, अण्णा, पुढं इंजिनावर असत. आधी फायरमन, नंतर ड्रायव्हर.

येडशीच्या चढाचं एक सांगतो. मी अण्णांचा डबा घेऊन निघालो होतो आणि पाऊस लागला होता. बालाघाटाचा तो चढ, त्यात रूळ ओला. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. पुढं काही जाईना. अशा वेळी वाफ बेतानं सोडावी लागते आणि रुळावर वाळू टाकावी लागते. इंजिनाची वाळू ओली होऊन नळीत अडकली होती. फायरमन उतरला, एक गँगमन आला, दोघं ओंजळीनं रुळावर वाळू पसरत इंजिनापुढं चालायला लागले आणि अण्णांनी इंचाइंचानं गाडी वर काढली. दरम्यान डब्यातली मंडळी खाली उतरून विड्या ओढत होती. बार्शीच्या पेठेतले एक गृहस्थ, धोतर वर खोचून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यापेक्षा बैलगाडी बरी की हो!" अण्णांनी इंजिनातून मान बाहेर काढली. डोळे सोडले तर सगळं तोंड काळं. म्हणाले, "मग जावा की बैलगाडीनं. तिकिटाचे पैसे वाचतील." सगळे हसले, गृहस्थ डब्यात जाऊन बसले. आपल्या लेखात हा किस्सा असता तर बहुधा त्या गृहस्थांच्या बाजूनं असता.

आणि सावकाश का होती, हेही कुणी लिहीत नाही. साहेबांचं गणित असं होतं की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग वारभर रुळाला तीस पौंड लोखंड पुरतं आणि लाइन स्वस्तात होते. म्हणून तर ब्रॉडगेजच्या मानानं एवढ्याशा इंजिनाला एवढी चाकं. कागदावर गणित चोख आहे, जगभर त्याचं कौतुक झालं. पण बार्शीची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा बारीक रूळ तिच्याबरोबर वरखाली होतो. तो सरळ ठेवायला वर्षभर गँग लागते. पहाटे चावीवाला हातोडा घेऊन निघायचा तो रूळ घट्ट धरणारी प्रत्येक चावी ठोकत मैलच्या मैल चालायचा. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन काय असतं ते सोलापूरच्या पेपरला मी सांगायला नको. स्वस्त लाइनची उरलेली किंमत या लोकांनी कंबर मोडून भरली, असं माझं मत आहे. कॅलथ्रॉपसाहेबांच्या हिशेबात ती रक्कम धरलेली नसावी.

आषाढीच्या दिवसांत तर अण्णा घरी दिसतच नसत. कुर्डुवाडीहून पंढरपूरला एकामागून एक गाड्या सुटायच्या, मालाचे डबे झाडून त्यात वारकरी बसवायचे. आयुष्यभर लोकांना पंढरीला पोचवलं, पण आषाढीला देवळात गेलेले मला आठवत नाहीत. इंजिनावरूनच कळसाला हात जोडायचे आणि पाणी भरायला पुढं जायचे.

खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे. लेखात एक ओळ आहे, "१९५४ साली ही रेल्वे सरकारजमा झाली." बस्स. जणू किल्ली इकडून तिकडं दिली. १ जानेवारी १९५४ला सरकारनं रेल्वे घेतली हे खरं. पण त्याआधी नोव्हेंबर १९५३मध्ये कंपनीनं सगळ्या कामगारांना नोटिसा दिल्या होत्या की ३१ डिसेंबरला तुमची नोकरी संपली. सगळ्यांना! आई सांगायची, त्या महिन्यात कॉलनीत कुणाच्या घरी नीट चूल पेटली नाही. बहुतेकांना सरकारनं परत घेतलं, अण्णांनाही घेतलं. पण नोकरी तर एकदा तुटली होती. नव्या कायद्यानं कामगार कपातीची भरपाई मिळायला हवी, असं म्हणून युनियन भांडली. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २७ नोव्हेंबर १९५६ला निकाल लागला आणि कामगार हरले. न्यायालय म्हणालं, चालू धंद्यात माणसं जास्त झाली म्हणून काढली तर ती कपात. धंदाच बंद केला किंवा दुसऱ्याला दिला तर ती कपात नव्हे, भरपाई नाही.

यावर देशभर ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी संसदेनं कायदा बदलला. धंदा बंद झाला किंवा हातचा गेला तरी कामगाराला भरपाईचा हक्क मिळाला. कधीपासून? २८ नोव्हेंबर १९५६पासून. म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून! ज्यांच्यामुळं कायदा बदलला ते बार्शी लाइटवाले एक दिवस अलीकडं राहिले. त्यांची नोकरी तर तीन वर्षं आधीच तुटलेली होती.

हे मला अण्णांकडून कळलं नाही. ते फक्त "नोटीस आली होती" एवढंच सांगायचे. माझी नात कायदा शिकते. परवा पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, हे जोगळेकर आणि बार्शी लाइट रेल्वे कंपनी म्हणजे आपलीच का?" कायद्याच्या पोरांना सगळ्या देशात हा निकाल शिकवतात. त्यांना कुर्डुवाडी कुठं आहे हे माहीत नसेल, पण निकाल पाठ असतो. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या पेपरला हरभऱ्याचे डहाळे आठवतात!

आता सगळीकडं ब्रॉडगेज आली. मला त्याचं दुःख नाही, मी स्वतः त्याच गाडीनं लातूरला लेकीकडं जातो आणि वेळेवर पोचतो. छोटी गाडी परत आणा म्हणणाऱ्यांतला मी नाही. तिच्या धुरानं आमच्या कॉलनीत निम्म्या लोकांना खोकला होता. फक्त तिच्यावर लिहायचं तर ती चालवणाऱ्यांवरही चार ओळी लिहा. त्या पिढीतलं आता जवळजवळ कुणी उरलेलं नाही, पण त्यांची मुलं कुर्डुवाडीत, बार्शीत, इथं सोलापुरात रेल्वे लाइन्स भागात आहेत. आपल्या कार्यालयापासून रिक्षानं जाता येईल.

जागा नाही असं म्हणू नका. सोमवारच्या अंकात बातमीचं पहिलं पान सापडायला मला सराफांची आणि फ्लॅटवाल्यांची पानं उलटावी लागली. अंक विकत घेतो तो आम्ही बातम्यांसाठी. वर्गणी वाढवताना आपण कागद महागला असं कळवलं होतं. तो कागद कुठं जातो ते आता कळलं.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार,
सोलापूर
(नाव छापू नये. पत्र कापायचं असेल तर सराफांचा मजकूर कापा, नोटिशीचा नको.)