खोक्यावर ४५० वॉट, आत १९२ : कॅबिनेट-एसएमपीएस संचांबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : एसएमपीएस व पंख्यांसह घेतलेले १२ कॅबिनेट परत घेण्याबाबत

महोदय,

अभ्यासिकेसाठी आपले १२ कॅबिनेट घेतले; बिलाची प्रत जोडली आहे. त्यांतले तीन एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारे डबे) बंद पडले आहेत आणि पाच मशीन वीज गेली की यूपीएस असूनही रीस्टार्ट होतात. आपल्या सर्व्हिस सेंटरचे उत्तर एकच : "लोड जास्त असेल." म्हणून आधी लोडचाच हिशोब मांडतो.

सर्व मशीनमध्ये रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड एकातही नाही. हा प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण पूर्ण ताणावर ८८ वॉटपर्यंत घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंख्यांचे सढळ हाताने ४० धरले तरी बेरीज १३० च्या आतबाहेर राहते. खोक्यावर मात्र "४५० वॉट" असे बोटभर उंचीचे आकडे आहेत.

आता एसएमपीएसच्या अंगावरचे बारीक अक्षरांतले लेबल पाहा. ३.३ व्होल्टवर १४ अँपिअर, ५ वर १६, १२ वर १६, उणे १२ वर ०.३ आणि ५ व्होल्टच्या स्टँडबायवर (मशीन बंद असतानाही चालू राहणाऱ्या लाइनवर) २. प्रत्येकाचा गुणाकार करून सगळे जोडले तर ३३१.८ वॉट होतात. ४५० हा आकडा आपल्याच लेबलातून निघत नाही. त्यातही आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतो, आणि तिथे १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉटच आहेत. ३.३ आणि ५ व्होल्टचे वॉट प्रोसेसरला उपयोगी पडत नाहीत.

तेवढे १९२ तरी मिळावेत? प्रोसेसर पूर्ण ताणावर ठेवून मोलेक्सच्या (जुन्या पद्धतीच्या वीजजोडाच्या) पिवळ्या आणि काळ्या तारेत मल्टिमीटर लावला, तर नऊ चालू नगांपैकी सहांमध्ये ११.१ ते ११.३ व्होल्ट दिसतात. एटीएक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या एसएमपीएससाठीच्या मानकाच्या, नियमाप्रमाणे पाच टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. तरीही आपण सोबत सहा पिनांची ग्राफिक्स कार्डाची तार दिली आहे, तीही मोलेक्सच्याच तारेतून फोडलेली. ती पाहून कोणी कार्ड लावले तर सहा पिनांतून ७५ आणि स्लॉटमधून ७५ वॉट आणखी मागितले जातील. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच.

रीस्टार्टचे कारण आपल्याच सर्व्हिस सेंटरवर एका बंद नगाचे झाकण उघडले तेव्हा दिसले. आत २०० व्होल्टचे, १५० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारे भाग) एकापुढे एक जोडलेले आहेत. म्हणजे दोघांचे मिळून ७५ मायक्रोफॅरड. कार्यक्षमता ७५ टक्के धरली आणि कपॅसिटरवरचा दाब २३० व्होल्ट डीसीला उतरेपर्यंत पुरवठा टिकतो असे मानले, तर १३० वॉटवर हा साठा ११ मिलिसेकंद पुरतो. हे भिंतीतून पूर्ण २३० व्होल्ट येत असताना. संध्याकाळी दाब २१० वर आला की तेच ८ मिलिसेकंदांच्या आत येते. साध्या लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसला बॅटरीवर जायला १० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. म्हणून दोष यूपीएसचा नाही.

शिवाय मागे ११५/२३० चे लाल बटण आहे. ते चुकून ११५ वर गेले तर दुप्पट दाबाचे सर्किट चालू होऊन दोन कपॅसिटरांवर मिळून सुमारे ६५० व्होल्ट येतील, आणि त्यांची ताकद ४०० ची. मुलांच्या खोलीत हे बटण कशासाठी? सध्या त्यावर चिकटपट्टी लावली आहे.

पंख्यांचे दुखणे वेगळे वाटले तरी याच्याशीच जोडलेले आहे. मागचा पंखा कारखान्यातूनच उलटा बसवून आला आहे : चौकटीच्या आडव्या पट्ट्यांच्या बाजूने हवा बाहेर पडते, आणि ती बाजू आतल्या अंगाला आहे. पुढच्या पंख्यासमोर काच असून फट जेमतेम काडीएवढी. दोन्हीकडून हवा आत ढकलायची, आणि गरम हवेला वाट फक्त वर बसवलेल्या एसएमपीएसमधून. त्याचा १२० मिमीचा पंखा प्रोसेसरची तापलेली हवाच ओढतो. आतले कपॅसिटर १०५ नव्हे, ८५ अंश तापमानापर्यंतचे. दर दहा अंशांना आयुष्य निम्मे होते, म्हणजे १०५ वाल्याच्या चौथाईच उरले. इंदूरचा मे महिना धरलेलाच नाही.

पंखे उलटे फिरवून बसवणे आमच्या हातात होते, ते केले. पण ते मोलेक्सवर चालतात, म्हणून कायम पूर्ण वेगाने घरघरतात. वेग कळवणारी तारच नसल्याने पंखा थांबला तरी बायॉसला, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामला, पत्ता लागत नाही. चार दिवे कमी दिले असते आणि वेग कमीजास्त करता येणारी चार पिनांची तार दिली असती तर चालले असते.

आपण बदली म्हणून याच मालिकेतले "५५० वॉट" देऊ केले आहे. त्याच्या लेबलावर १२ व्होल्टला १८ अँपिअर आहेत, म्हणजे २१६ वॉट. ते आम्हाला नको.

आमची मागणी : बाराही संचांचे पैसे परत करावेत, किंवा एसएमपीएस बदलून ८० प्लस (कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र) प्रमाणित, १२ व्होल्टवर किमान ३२ अँपिअरचे, लाल बटण नसलेले द्यावेत आणि प्रत्येकासोबत मागच्या बाजूसाठी चार पिनांचा एक पंखा द्यावा. कोणत्याही परिस्थितीत याच मालिकेतला माल घेतला जाणार नाही. १२ व्होल्टचा आकडा खोक्यावरही छापावा. गिऱ्हाईक दुकानात खोकेच पाहते.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवू. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. लेबलांचे आणि मल्टिमीटरचे फोटो सोबत आहेत. बंद पडलेले तिन्ही नग इथेच ठेवले आहेत. आपला माणूस येऊन पाहू शकतो, पण पावतीशिवाय ते नेता येणार नाहीत.

आपले,
अभ्यासिकेचे संगणक सांभाळणारे कार्यकर्ते
इंदूर