झेन नाही, गुडघेदुखी सापडली

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी मूळची साताऱ्याची, सहा वर्षं झाली जपानात चिबाला राहते, तुमचा पेपर रोज मोबाईलवर वाचते. रविवारच्या पुरवण्यांमध्ये जपान आलं की इकिगाई, मौन, झेन असलंच काहीतरी असतं आणि मधेच धनुष्य ताणलेल्या माणसाचा एक फोटो टाकलेला असतो, म्हणून हे पत्र. मी मागच्या मे महिन्यात, ४१व्या वर्षी, क्युदोला म्हणजे त्या फोटोतल्या धनुर्विद्येला नाव घातलं. झेन अजून तरी सापडलेलं नाही, गुडघेदुखी मात्र सापडली.

यात गूढ काही नाही हो. आमच्या इथे सरकारी जिममध्येच क्युदोचा हॉल आहे, नवशिक्यांचा वर्ग निघतो आणि त्याची जाहिरात घरोघरी येणाऱ्या पत्रकात असते, सगळी जपानीत, मला ती शेजारच्या आजींनी दाखवली. धनुष्य, बाण, हातमोजा सगळं तिथलंच वापरायला देतात, त्यामुळे कोणी सुरू करणार असेल तर आधीच ऑनलाइन काही मागवू नका, नंतर पडून राहतं. माझ्या बॅचला दोन रिटायर्ड काका, एक कॉलेजची पोरगी आणि मी. वर्ग संपला की क्लबात घेतात.

पहिले काही आठवडे धनुष्याला हातच नाही. चालायचं कसं, वाकायचं कसं, चवड्यांवर बसून उठायचं कसं (इथेच गुडघे गेले). मग काठीला रबर बांधलेलं असतं ते ओढायचं, मग खरं धनुष्य, पण बाण मारायचा तो दोन मीटरवर ठेवलेल्या भाताच्या पेंढ्याच्या गठ्ठ्यावर. लक्ष्य असतं २८ मीटरवर, फक्त ३६ सेंटिमीटरचं, आणि आम्ही तीन महिने त्याच्याकडे नुसतं बघत होतो. धनुष्य साधारण २२१ सेंटिमीटर, माझ्यापेक्षा कितीतरी उंच, आणि ते मधोमध धरायचं नसतं, मूठ खालून एक तृतीयांशावर असते. दोरी ओढायला हरणाच्या कातड्याचा मोजा, त्याचा अंगठा टणक. आणि चुकलं की दोरी सटकन डाव्या हातावर नाहीतर कानाजवळ बसते, ऑफिसात लोक विचारत होते घरी सगळं ठीक आहे ना.

आता घरचे. साताऱ्याला तिरंदाजी म्हटलं की अदिती स्वामी, प्रवीण जाधव, त्यामुळे दर रविवारी फोनवर आईचा एकच प्रश्न, नेम लागला का? मामा तर अर्जुन आणि पोपटाचा डोळाच सुरू करतात. त्यांना किती वेळा सांगितलं की हे वेगळं आहे, याच्या धनुष्याला नेम धरायचं साईट नसतं, काही नसतं. आठ पायऱ्या असतात, पाय ठेवण्यापासून, आणि शेवटची पायरी म्हणजे बाण सुटल्यावरही तसंच उभं राहायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. सेन्सेई म्हणजे आमचे शिक्षक कधी विचारत नाहीत लागला का, ते म्हणतात डावा खांदा वर गेला.

पण म्हणून 'क्युदोत नेमाला किंमतच नाही' असं जे छापून येतं तेही खरं नाही. सुरुवातीच्या परीक्षांत जास्त लक्ष पवित्र्यावर असतं हे बरोबर, पण आमच्या क्लबातल्या सत्तरीच्या आजोबांचे चारपैकी चार लागले की त्यांचा चेहरा बघा एकदा. क्योतोच्या सान्जूसान्गेन्दो देवळात वासा दाइहाचिरोने १६८६ मध्ये १३,०५३ बाण मारले आणि त्यातले ८,१३३ लांबलचक ओसरीतून पार गेले, म्हणजे तेव्हाही कोणीतरी बसून मोजतच होतं ना!

अजून एक, क्युदोचं ध्येय म्हणून 'शिन-झेन-बी' म्हणतात. यातलं झेन बघून मीही फसले होते, पण ते ध्यानवालं झेन नाही, त्याचं अक्षरच वेगळं आहे, अर्थ चांगुलपणा. सत्य, चांगुलपणा, सौंदर्य, म्हणजे जवळजवळ आपलं सत्यं शिवं सुंदरम्. एवढं तरी पुरवणीत एकदा छापा. आणि हेही छापा की इथे नोकरीला, शिकायला येणाऱ्यांनी लाजू नये, 'केनगाकु' म्हणजे नुसतं बघायला येऊ का असं फोनवर विचारलं की बहुतेक या म्हणतात, जपानी मोडकंतोडकं चालतं.

परवा माझा पहिला बाण लागला. लक्ष्यावर कागद ताणलेला असतो, डफावर थाप पडावी तसा आवाज आला, आणि मी सगळं विसरून मागे वळून हसले, त्यावरून बोलणी खाल्ली. बाहेर येऊन आईला फोन लावला, इथे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तिकडे दुपारचे तीन, तर ती झोपलेली. बाबा म्हणाले, उठली की सांगतो, पण नक्की काय सांगू?

आपली,
चिबाहून एक वाचक