आमच्या गल्लीचं सांडपाणी मार्गी लावणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

इंदूरजवळच्या सांवेर तहसीलीतल्या आमच्या गावात होळकरांच्या काळापासून राहिलेली मोजकीच मराठी घरं. घरोघर नळ आले तेव्हा सगळेच हरखले, पण वापरलेलं पाणी जाणार कुठे, हे कुणाच्या मनातही आलं नाही. जल जीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे हजार वस्तीमागे रोज ४४ हजार लिटर, हा हिशेब तुम्ही पारावर बसून मांडलात तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. शाळेच्या कोपऱ्यावर ते पाणी बारा महिने तुंबलेलं असायचं. लेकरं चपला हातात घेऊन त्यातून जायची.

शोषखड्डे त्याआधीच खणून झाले होते आणि पहिल्याच पावसाळ्यात भरून वाहिले होते. तुम्ही इंदूरच्या रामबागेतून आलात ते कागद न काढता. एक लहान खड्डा खणायला लावलात, त्यात पाणी ओतलंत आणि म्हणालात, "सकाळी बघू." सकाळी पाणी जवळजवळ तेवढंच होतं. माळव्याची काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात. पाणी मुरणार कुठून? गावात एवढी वर्षं राहून हे आम्हाला कुणी असं दाखवलं नव्हतं.

मग पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन तुम्ही गल्लीभर उतार मोजलात. एक टोक हापशाच्या ओट्याला, दुसरं शाळेच्या भिंतीला. आधी गाळाची टाकी, पुढे खडीचा वाफा, त्यात कर्दळ. टाकीतून निघणारा पाइप पाण्यात खाली वळवायला लावलात, म्हणजे वर तरंगणारं तेल-साबण मागेच राहतं. वाफ्यातलं पाणी खडीच्या वरच्या थरापेक्षा वीतभर खाली ठेवलंत, म्हणून त्यावर डास होत नाहीत. खडीला आणि मुळांना चिकटलेले जिवाणूच घाण खातात, हे मी आता पोरांना शिकवते. संडासाचं पाणी यात येऊ द्यायचं नाही, हे तुम्ही किती निक्षून सांगितलं होतंत!

इंदूर २०२१ मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं शहर ठरलं, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण शहराची यंत्रं आणि विजेची बिलं खेड्याला झेपत नाहीत. तुम्ही विजेशिवाय चालेल असं काम दिलंत. आमचा नाला कान्ह नदीला मिळतो, कान्ह क्षिप्रेला. पुढच्या गावांचे दुवे तुम्हालाच लागोत.

सगळ्यात मोठे उपकार मात्र उद्घाटनानंतरचे. हारतुरे घेऊन माणसं निघून जातात. तुम्ही येत राहिलात. जाळीतला कचरा कधी काढायचा, गाळ किती साचला की उपसायचा, कर्दळ कधी छाटायची, हे बायकांना हाताला धरून शिकवलंत. आता घराघराची पाळी लागली आहे. ती कुणी चुकवली तर सरपंचांच्या आधी आमच्या सासूबाई दारात उभ्या राहतात.

वरच्या गल्लीनेही आता पंचायतीत अर्ज दिला आहे. पावसाळ्याआधी एकदा येऊन जागा बघाल ना? काकूंनाही घेऊन या. जेवायला आमच्याकडेच.

आपली कृतज्ञ,
खालच्या गल्लीतली सूनबाई