रात्रीच्या लाइनीची उल्का

संपादक महोदय,

आमच्याकडे सध्या शेतीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची. १३ डिसेंबरच्या रात्री साडेबाराला हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाइप बदलत होतो. एक पाइप खांद्यावर, पाय चिखलात. अचानक ओल्या पानांवर माझीच सावली पडली आणि सरकली! वर पाहिलं तर हिरवट-पांढरा गोळा डोक्यावरून निघालेला. दोन-तीन सेकंदांत विझलाही. मागे धुराची बारीक रेघ. आवाज काहीच नाही.

सकाळी पारावर निकाल तयार होता: ‘रॉकेट पडलं.’ २ एप्रिल २०२२ची, पाडव्याच्या संध्याकाळची आठवण अजून ताजी आहे ना! पण ते चिनी रॉकेटचे अवशेष तुकड्या-तुकड्यांनी जळत सावकाश आभाळ ओलांडून गेले होते. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं सापडलं. मी पाहिली ती मिथुन राशीकडून येणारी डिसेंबरातली उल्का. फेथॉन लघुग्रहाचा कण, वेग सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर. एवढा उजेड पाडणारा खडा बहुधा मुठीत मावेल. पण अवकाशातून पडलेल्या दगडानं झालेलं लोणारचं भलंमोठं विवर आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळे खडा एवढासा होता हे पारावर कुणालाच पटलं नाही.

शेतीला दिवसा लाइन द्या, ही मागणी कायम आहे. डिसेंबरातली ही एक रात्र सोडून.

– एक शेतकरी वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा