प्रशांत, सही करण्याआधी

चि. प्रशांत,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू ताटावरून उठून गाडी काढून गेलास, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. फोनवर आपलं दोघांचं कधी नीट जमत नाही, म्हणून लिहितो. अडवायला लिहीत नाही. सुरक्षारक्षक म्हणून बगदादला जायचं की नाही ते तू आणि सोनल ठरवा. मला एवढंच सांग, तिथे काही झालं तर मी फोन कोणाला करायचा?

राजौरीत तुझा गुडघा गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळीच सुभेदार साहेबांचा फोन आला होता. कोणत्या हॉस्पिटलात आहेस, ऑपरेशन कधी, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बाबूजी, हमारा बच्चा है." त्या दिवशी मी रेल्वेच्या अजनी शेडला ड्यूटीवर गेलो होतो. तुझी आई अजून बोलून दाखवते. पण तुझ्यामागे कोणीतरी उभं आहे हे कळलं होतं, म्हणून जाऊ शकलो.

तू टेबलावर ठेवलेला कराराचा झेरॉक्स मी वाचला, न कळलेलं वरच्या वकिलांच्या मुलीकडून समजून घेतलं. पहिल्या पानावर दुबईची कंपनी. सही करायची त्या पानावर दुसरंच नाव, आणि त्याखालचा शिक्का झेरॉक्समध्ये अर्धा कापला गेलाय. तिकीट काढणार दिल्लीचा एजंट. वाद झाला तर निवाडा दुबईत. विम्याची रक्कम आहे, पॉलिसीचा नंबर नाही. आणि वारसाच्या रकान्यात तू माझं नाव घातलंस, सोनलचं नाही. काहून? तिला भीती वाटेल म्हणून? मला वाटत नाही का?

तू म्हणतोस ड्यूटी ग्रीन झोनच्या, म्हणजे बगदादमधल्या दूतावासांच्या कडक बंदोबस्तातल्या भागाच्या, आत आहे. काबूलमध्ये कॅनडाच्या दूतावासाचे रक्षकही आतच पहारा द्यायचे. 20 जून 2016 ला सकाळी ते मिनीबसने ड्यूटीवर निघाले होते आणि वाटेतच आत्मघाती हल्ला झाला. बहुतेक नेपाळी पोरं होती, दोघं आपल्या डेहराडूनकडची. बस साधी होती, चिलखती नव्हती. दूतावासातल्या साहेबाला कोणी असल्या बसमधून नेलं असतं का? या धंद्यात गोऱ्या माणसाचा पगार वेगळा, तुमचा वेगळा, हे तूच मला सांगितलंस. मग गाडीही वेगळीच असणार ना.

आणि बंदूक हातात असेल तर उलटंही होऊ शकतं. त्याच बगदादच्या निसूर चौकात 16 सप्टेंबर 2007 ला ब्लॅकवॉटर या अमेरिकन खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी गोळीबार केला, 17 इराकी मेले. त्या वेळी परदेशी कंत्राटदारांना इराकचा कायदा लागू नव्हता. खटला अमेरिकेत चालला, चौघं 2014 मध्ये दोषी ठरले, आणि 2020 च्या डिसेंबरात ट्रम्पने चौघांनाही माफी देऊन टाकली. कंत्राटदारांना कायद्यातून असलेली सूट मात्र इराकमध्ये 2009 पासून बंद आहे. म्हणजे उद्या अंधारात तुझ्या हातून एक गोळी चुकीची सुटली तर तू तिथल्या तुरुंगात. तुला माफी द्यायला कोणता राष्ट्राध्यक्ष बसलाय?

झालं, पुन्हा भाषण सुरू झालं माझं. राग मानू नको. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुझी कामठीची कसम परेड आठवते. ऊन असं की श्यामकाकाने डोक्यावर ओला दुपट्टा घेतला होता. सगळी पोरं सारखीच दिसत होती. तुला मी ओळखलं ते तुझ्या कानांवरून. समोरून गेलास, पण डोळ्याची पापणीही हलवली नाहीस. 'पहला हमेशा पहला' म्हणणाऱ्या फौजेच्या गार्ड्स रेजिमेंटमधला माझा पोरगा. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी संत्रा बर्फी वाटली आणि फोरमनलाही दोन तुकडे दिले, ज्याच्याशी माझं कधीच पटलं नाही. असा माणूस आज मिहानमध्ये बारा-बारा तास गाड्यांखाली आरसा फिरवतो आणि वीस वर्षांचं पोट्टं त्याला "ए वॉचमन" म्हणतं. मला दिसत नाही असं समजू नको. मानेवाड्याच्या प्लॉटचे हप्ते, पिंटीची फी, पेन्शनमध्ये काय काय बसवायचं? तिकडचे दीड लाख मलाही दिसतात.

तरी पुन्हा तिथेच येतो. मोसुलमध्ये 2014 ला आपले 39 मजूर पळवले, ते मेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं 20 मार्च 2018 ला. चार वर्षं घरचे लोक दारोदार विचारत होते. ते बांधकामावरचे होते, तुझ्यासारखे रक्षक नव्हते, हे मान्य. पण फोनची वाट बघणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? इराकला जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुराला निदान सरकारकडून एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जायची परवानगी, घ्यावा लागतो, कोणीतरी त्याचा करार बघतं. तू बारावी पास, पासपोर्टवर ती परवानगी लागते असं सांगणारा ईसीआर शिक्का नाही, म्हणून तुला कोणी काही विचारणारच नाही. शिकवलं आम्हीच.

जायचंच असेल तर जा. पण आधी एजंटकडून मूळ करार घे, त्यावर पगार देणाऱ्या कंपनीचंच नाव पाहिजे. पॉलिसीची प्रत सोनलच्या हातात दे आणि वारस म्हणून तिचंच नाव घाल. ने-आण कोणत्या गाडीतून होणार ते लेखी माग. गेल्या गेल्या तिथल्या आपल्या दूतावासात नाव नोंदव. पासपोर्ट कोणाच्या ताब्यात देऊ नको. आणि त्या एजंटला माझ्या नावाने विचार, हा माणूस मेला किंवा पकडला गेला तर नागपूरला फोन कोण करणार? कंपनी नको सांगू म्हणावं, माणसाचं नाव सांग. नाव आणि नंबर लिहून आण, मी इथून लावून बघतो.

तुझे,
बाबा